'वजन' शोधल्यावर

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर रुसून बसले आहे. या वयात शोभत नाही, पण आहे.

बायपासजवळच्या एका नव्या इमारतीत भिंतीवर चित्र काढायचं काम मला मिळालं. विषय, दुष्काळातलं पाणी. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचा खांदा काही केल्या जमेना. तुमची रेखाटनं आता एका डिजिटल ग्रंथालयात आहेत, म्हणून तिथं शोधायला बसले. 'हंडा' टाकलं, तर पितळी भांड्यांचे फोटो आले. 'पाणी' टाकलं, तर धरणांचे अहवाल. 'खांदा' टाकल्यावर काहीच नाही. डोळ्याला काय हवं ते कळत होतं, त्याचा शब्द सापडत नव्हता. तुमच्या पुंडलिकनगरच्या खोलीत असं नव्हतं. कागदांचा ढीग उपसताना भलतंच हाती यायचं आणि नेमकं तेच हवं असायचं.

शेवटी तिला फोन केला. माझी वर्गमैत्रीण, तुमची लाडकी. तुमच्या चित्रांची वर्णनं त्या ग्रंथालयात तिनंच लिहिली आहेत. ती हसली. "अगं, खांदा काय टाकतेस? सर काय म्हणायचे? 'बाई नको काढू, वजन काढ.' वजन टाक."

हे तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत, सर. मला म्हणायचात, "लई घाई करतेस. ते खोडून टाक आधी."

'वजन' टाकलं आणि तुमची रेखाटनं एकामागून एक उघडत गेली. त्यात तीच होती, तेव्हाची. ओढणी कमरेला खोचलेली, डोक्यावर हंडा, मान जराशी कललेली. तो उन्हाळा मला लख्ख आठवतो. नळाला आठवडा-आठवडा पाणी नाही. टँकर गल्लीच्या तोंडाशीच थांबतो, तुमचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही दोघी तुमचं पाणी भरतोय. ती पुढं, मी मागं, माझ्याही डोक्यावर हंडा. मी निथळत दारात येते, तर तुम्ही म्हणता, "रांजणात ओत." आणि तिला म्हणता, "थांब जरा, हलू नको." कागदावर तिच्या मागं कोरी जागा आहे.

तोच खांदा मी भिंतीवर उतरवला. काम देणाऱ्यांना फार आवडला. ती बघायला आली. मग म्हणाली, "सरांनी बघायला पायजे होतं." तिचे डोळे भरून आले होते. मला त्याचाही हेवा वाटला. तुमच्यासाठी रडायचा हक्कसुद्धा तिनंच आधी घेतला.

काम संपलं, तरी चहा झाला की मी त्या ग्रंथालयात शिरतेच. 'दार' टाकून बघते, 'रांजण', 'ओली ओढणी'. एकदा तर स्वतःचं नाव टाकलं. तुम्ही काढलेलं माझं चित्र आहे की नाही, हे ती एका शब्दात सांगेल. म्हणूनच तिला विचारत नाही.