नळीतून वर चढणारे

बेंगळुरू, १० जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. दिवसभर करतेस काय, असं विचारलंत. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू पोहताना बघते. काचेत कोरलेल्या, केसाहून बारीक वाटांमधून. मोकळ्या पाण्यात ते गिरक्या घेत भरकटतात; अरुंद वाटेत वळायला जागा नसते, म्हणून सरळ जातात. समोरून प्रवाह आला तरी भिंतीच्या कडेकडेने उलटे वर चढतात. आज दिवसभरात मी बोलले ती त्यांच्याशीच.

ऑपरेशननंतर घातलेली तुमची लघवीची नळी कधी काढणार?

आठवण ठेवा.
अपूर्वा

हेदवी, १७ जुलै

चि. अपूर्वास,
अ. आ.

तुझे पोहणारे वाचून करमणूक झाली. आपल्या खाडीतल्या माशांनाही एवढी अक्कल नाही. नळी अजून महिनाभर आहे. तिला जोडलेली लघवीची पिशवी पायांत येते, म्हणून हल्ली उशाशीच ठेवतो. काल जरा हुडहुडी भरली. पावसाळी हवा, दुसरं काय! पेज घेतली. तुझी आई असती तर काढे पाजून जीव नकोसा केला असता.

एक विचारतो, हसू नकोस. तुझे ते प्राणी माझ्या नळीतूनही चढत असतील का?

सवडीने लिही, घाई नाही.
बाबा

बेंगळुरू, २३ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न.

हे पत्र आपल्या शेजारच्या विनीतदादाच्या मोबाइलवर पाठवतेय, तो दाखवेल. काल तुमचं पत्र वाचलं. लगेच त्याला फोन केला, तर म्हणाला, काका तापाने फणफणलेत, मला साधी हाकही मारली नाही. त्याने फेरीबोटीने तुम्हाला रत्नागिरीला इस्पितळात नेलं म्हणून बरं.

चढतात, बाबा. पिशवी वर ठेवली की लघवी उलटी फिरते, मग त्यांना आणखीच सोपं. ती कायम कमरेखाली हवी.

ताप का लपवलात?

काळजीत,
अपूर्वा

रत्नागिरी, २६ जुलै

चि. अपूर्वास,
अ. आ.

ताप उतरला. नळी बदलली. उशीर झाला असता तर इन्फेक्शन रक्तात पसरलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

का लपवलं? कळवलं असतं तर तू धावत आली असतीस. चार दिवस दोन ताटं मांडायची, आणि तू गेलीस की कितीतरी दिवस माझा हात दुसऱ्या ताटाकडे जातो. त्यापेक्षा न आलेली बरी, असं ठरवून टाकलं होतं.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे रोज कोणी ना कोणी येतं. तेव्हा मी पांघरूण तोंडावर घेऊन झोपेचं सोंग करतो. काल नर्सने विचारलं, तुमचं कोणी नाही का? म्हटलं, मुलगी आहे, कामात असते.

तरी ये. हातातलं टाकून ये. तू गेल्यावर काय व्हायचं ते मी बघून घेईन.

वाट बघणारा,
बाबा