डबीवरची चिठ्ठी

हॅलम क्रीक, माँटाना
९ मे

प्रिय ऑरिन,

आशीर्वाद. सहा वर्षांनी माझं पत्र आलंय म्हणजे कोणीतरी गेलं असणार, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. क्लेटन गेला. मार्चअखेरीस. सकाळी गुरांना गवत टाकून आला, बूट काढायला खुर्चीत बसला तो बसलाच. तुला फोन करावा असं चारदा मनात आलं, नाही केला. मेव्हण्याला माती द्यायला तू स्पोकेनहून एवढी गाडी हाकत यावंस, असं आम्ही तुझ्यासाठी काय केलंय?

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात. चर्चमधल्या बायकांनी इतकं शिजवून आणून टाकलंय की फ्रीजरचं झाकण लागत नाही, आणि सगळ्यात तोच तो बटाटा. बंदूक दुरुस्तीच्या तुझ्या दुकानात आता एक पोरगी केस कापते. तुझी पाटी मात्र तिनं मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे, फेकली नाही.

सात जूनला क्लेटनच्या सामानाचा लिलाव ठेवलाय. ट्रॅक्टर, वेल्डिंगचं सामान, आणि तळघरातलं काडतुसं भरायचं टेबलसुद्धा. त्यासाठी परवा नील्स टॉलेफसन आला होता. त्याची लेक कारी आता नेमबाजीच्या स्पर्धांत उतरते. म्हणाला, "लिलावात कशाला नेतेस? टेबल, प्रेस, वजनकाटा, सगळं मीच घेतो. आणि त्याच्या भरलेल्या डब्या असतील त्याही दे."

मी म्हटलं, "दुसऱ्यानं भरलेली काडतुसं कोणी उडवतं का रे? इतकी वर्षं काय शिकलास?"

"क्लेटन दुसरा कधीपासून झाला?" तो म्हणाला. "त्याच्या हातचा माल म्हणजे डोळे मिटून घ्यावा. आणि तेव्हा दोष काडतुसांचा थोडाच होता? तो तर..." आणि थांबला. तू माझा भाऊ आहेस हे आठवलं असणार. मी त्याला कॉफी ओतत होते, ती बशीत सांडली. त्यानं ती तीन बोटांच्या हातानं पुसली.

सुटे भाग आवळून धरायचा तुझा छोटा शेगडा आणि स्क्रूड्रायव्हरचा डबा आमच्याकडे राहिलाय. काय करू ते कळव.

तुझी,
व्हर्ना


२४ मे

प्रिय ऑरिन,

तुझं कार्ड मिळालं. "विकून टाक." बस्स. लहानपणी तुला गप्प बसवायला मला खिशात गोळ्या-बिस्किटं ठेवावी लागायची, आणि आता दोन शब्दांवर आलास! रागावले नाहीये. मीच मागच्या पत्रात गुडघे लिहिले, बटाटे लिहिले, आणि जे लिहायला बसले होते ते सोडून उठले. आता लिहिते. मधे थांबले तर पुन्हा हात धजावायचा नाही.

स्पर्धेत नेम धरायच्या त्या पोलादी पाट्या तुला आठवतात. नुसती गोळी लागून चालत नाही, पाटी आडवी झाली पाहिजे. क्लेटनच्या दोन पाट्या एका वर्षी डुलल्या आणि उभ्याच राहिल्या, तेव्हा सगळे हसले. त्या हिवाळ्यात त्यानं काडतुसांतली दारू वाढवायला सुरुवात केली. काडतुसं भरायच्या पुस्तकात छापलेल्या हद्दीपर्यंत तो आधीच पोचला होता. म्हणाला, "हा आकडा वकिलांनी घाबरून छापलाय गं. खरी हद्द अजून पुढे असते." त्याचं रिव्हॉल्वर नवं, जाडजूड. त्यानं सहन केलं. पुढच्या हिवाळ्यात आणखी थोडी. रिकाम्या पुंगळ्या रिव्हॉल्वरच्या चक्रात अडकायला लागल्या, तो दांड्यानं ठोकून काढायचा. मी म्हटलं, "चिकटतायत रे." तो म्हणाला, "पितळ जुनं झालंय." दारू जास्त झाली की पुंगळी फुगून चिकटते, हे मला कळत होतं, ऑरिन. एकाच बापाकडे आपण दोघं शिकलो.

प्रत्येक डबीवर चिठ्ठी लागतेच. दारू कुठली, किती, कधी भरली. आमच्या क्लबात हॅल्व्होर पंच आहे, तो चिठ्ठी वाचल्याशिवाय कोणाला रांगेत उभं राहू देत नाही, आणि पुस्तकाबाहेरचा आकडा दिसला की डबी परत. माझं अक्षर चांगलं, म्हणून चिठ्ठ्या माझ्याकडे. पहिल्या वेळी मी विचारलं, "खरा आकडा लिहू?" क्लेटन म्हणाला, "पुस्तकातला लिही. उगाच पंचाईत कशाला?" मी लिहिला. मग हिवाळाभर तोच लिहीत गेले. त्याच्या वहीत तो खरा आकडा लिहायचा, कारण त्याला स्वतःला लागायचा.

ऑगस्टच्या त्या स्पर्धेत नील्सची काडतुसं संपली. क्लेटननं आमची डबी त्याच्याकडे टाकली, शेजाऱ्याला मीठ द्यावं तसं. नील्स शहाणा माणूस, त्यानं आधी चिठ्ठी वाचली. मोठ्यानं वाचली. "पुस्तकाच्या आतच आहे. माझ्या बापाच्या जुन्या रिव्हॉल्वरला चालेल." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, हातात केक कापायची सुरी. क्लेटननं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. एक शब्द बोलायचा होता, "थांब" एवढाच. मी विचार केला, क्लेटनच्या रिव्हॉल्वरला दर रविवारी झेपतं, याच्याही एक दिवस झेपेल. सगळ्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडू कशी? आणि मी सुरी पुसली.

तिसऱ्या बाराला चक्र फुटलं. पुढचं तू पाहिलंस.

हॅल्व्होरनं डबी हातात घेतली, चिठ्ठी वाचली, मान डोलावली. काडतूस उघडून आतली दारू काट्यावर तोलायचं कोणाच्या मनातही आलं नाही. माझं अक्षर होतं ना! मग त्या रिव्हॉल्वरला शेवटचा हात कोणाचा लागला होता याची चौकशी निघाली, आणि सगळे तुझ्याकडे वळले. तू फक्त घोड्याची स्प्रिंग बदलली होतीस.

आणि तू तिसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात आलास. क्लेटनला नाही विचारलंस. मला विचारलंस. "व्हर्ना, चिठ्ठीवरचा आकडा खरा आहे का गं?"

मी म्हणाले, "चिठ्ठी मीच लिहिली आहे, माझ्या हातानं."

तू ते "हो" म्हणून घेतलंस. घ्यावंस म्हणूनच मी तसं बोलले होते. तू टोपी घातलीस आणि गेलास, आणि त्यानंतर स्वतःच्या बाजूनं कुठे एक शब्द बोलला नाहीस. मला वाटायचं, हा मानी आहे म्हणून गप्प बसलाय. परवा तुझी बायको मार्लिस फोनवर म्हणाली की तू गोदामात खोकी उचलतोस आणि घरातला साधा कुलपाचा स्क्रूसुद्धा दुसऱ्याकडून बसवून घेतोस. "माझ्या हातांचा भरवसा नाही" म्हणतोस. तेव्हा मला कळलं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि मग दोष द्यायला तुझ्याजवळ तुझेच हात उरले. मी तळघराच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले. क्लेटनसाठीसुद्धा एवढी रडले नव्हते.

त्याच तारखेची अर्धी डबी फळीवर होती. कारीच्या हातात गेली असती रे! मी सात काडतुसं उघडली आणि एकेकाची दारू काट्यावर टाकली. सातही वेळा काटा चिठ्ठीच्या आकड्यापुढे गेला, थोडाथोडका नाही. वहीत तोच आकडा, क्लेटनच्या अक्षरात. बाकीच्या डब्याही मी उघडून मोकळ्या केल्या. आता घरात भरलेलं एकही काडतूस नाही.

मंगळवारी नील्सकडे गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदा विचारलं, "कारीला त्यातलं काही दिलंस?"

"नाही."

"ऑरिनला सांगितलंस?"

"आधी तुला सांगायला आले."

"आधी मला कशाला?" तो ओरडला. त्याला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "माझा डोळा गेला तेव्हा अख्खं गाव जेवणाची भांडी घेऊन माझ्या दारात आलं. तू तर रोज यायचीस, मला चमच्यानं भरवायचीस. ऑरिनच्या दारात कोण गेलं? आं? मी त्याच्याशी सहा वर्षं बोललो नाही, बाई. सहा वर्षं! ऊठ. जा. आता मला तुझं तोंड बघवत नाही."

मी उठले. दारापर्यंत गेले तर म्हणाला, "त्याचा पत्ता देऊन जा." दिला. तो लिहील किंवा येईल. आला तर दार उघड.

उद्या रविवार, क्लबाचा मोसमातला पहिला दिवस. हॅल्व्होर रांग लावायच्या आधी मी क्लेटनची वही सगळ्यांसमोर वाचणार आहे, आणि चिठ्ठ्या कोणी लिहिल्या तेही सांगणार आहे. मेलेल्या नवऱ्याची अब्रू काढते म्हणतील. म्हणू देत. मी त्याच्यावर चाळीस वर्षं प्रेम केलं आणि अजूनही करते, पण त्याचा दोष सहा वर्षं तुझ्या अंगावर घातला होता, तो आता मला परत घ्यायचा आहे.

क्षमा मागत नाही. मागायचं तोंड नाही. तुझा शेगडा आणि स्क्रूड्रायव्हर विकणार नाही, मंगळवारी पार्सलनं पाठवते. एकदा हातात घेऊन बघ. तुझ्या हातांनी काहीही चुकलं नव्हतं, ऑरिन. स्प्रिंग तू नीट बसवली होतीस. चक्र फुटलं ते दारूनं.

त्या डबीवरची चिठ्ठी सोबत जोडली आहे. मागच्या बाजूला आज ती पुन्हा लिहिली आहे, तशीच इथेही लिहिते.

दारू: पुस्तकाच्या हद्दीबाहेर.
भरणारा: क्लेटन हॉल्वर्सन.
आकडा ठाऊक असून खोटा लिहिणारी: तुझी बहीण, व्हर्ना.