टँकर हा शब्द

उस्मानाबाद, मार्च १९७३

आईस शेवंताचा जयभीम.

मी बरी आहे. वसतिगृहात पोटभर जेवण मिळतं, पाणीही पुरतं. तुझा गुडघा कसा आहे? दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ नकोस.

काल इंग्रजीच्या सरांनी टँकर शब्द शिकवला. टँ-कर असे दोन तुकडे पाडायचे, जोर पहिल्यावर द्यायचा. यातला टँक इंग्रजांनी आपल्याकडच्या पाण्याच्या टाक्यावरून उचलला, असं कोशात आहे म्हणे. मला लई नवल वाटलं. आपलाच शब्द विलायतेला जाऊन चाकांवर परत आला.

तो आपल्या वस्तीपर्यंत येतो का? की अजून गावच्या विहिरीतच ओततात, आणि कुणी पाणी वाढेल म्हणून तू घागर घेऊन लांब उभी राहतेस? दादाकडून खरं ते लिहून घे, मला बरं वाटावं म्हणून नको.

तुझी शेवंता