ताईला सांगू नको

प्रिय ताई,

इंटरनेट मला पैशांत नाही, रेडिओत महाग पडलं. तुझी लेक माझ्या कापड बेतायच्या टेबलावर बसून फोनवर धडे ऐकते, म्हणून शिवताना रेडिओ बंद.

तुमच्या घरी नेट नीट चालत नाही, धडा अर्ध्यावरच अडकतो. त्यात तुझा हुकूम, "भावापुढे हात पसरायचा नाही!" म्हणून मी भाचीला गुपचूप दुकानात बसवलं आणि दुकानातल्या वायफायचा पासवर्ड ठेवला 'ताईलासांगूनको'. पुढे तिच्या वर्गातली पोरंही येऊ लागली.

"मामा, पासवर्ड?"

"ताईला सांगू नको."

"आईशप्पथ नाही सांगणार! पण पासवर्ड तर सांगा!"

हसता हसता माझी शिवण वाकडी जाते.

आज निकाल लागला. पोरगी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत पास झाली, ताई! मी दुकानभर नाचलो. आणि वर्षभर तुला पत्ता लागू दिला नाही, आहे की नाही तुझा भाऊ पक्का?

एवढं लिहिलं आणि भाचीने जेवायला डबा उघडला. आता हे पत्र पाठवून काय करू? तू भरलेल्या त्या डब्यात पहिल्या दिवसापासून दोन चमचे येतात, एक तिचा, एक माझा.

तुझा पक्का भाऊ