बांधावरची मोकळी जागा

२ फेब्रुवारी, रविवार
महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. भाकर माझीच. गव्हाची, बेखमीर, तव्यावर भाजलेली. सोळा वर्षं मीच करते. मनुके उकळून रस करायचं काम गोमतीबाईकडे, आणि शनिवारी चार वाजता येऊन भाकर न्यायचंही तिच्याचकडे. आजची चांगली झाली होती, कुठं करपली नाही. तबक शेवटच्या बाकावर माझ्यापर्यंत आलं आणि मी काही न घेता परत दिलं. दहावी वेळ.

बाहेर आल्यावर गोमतीबाई म्हणाली, "काय हो बाई, स्वतःची भाकर स्वतःलाच आवडत नाही काय?" हसली. मीही हसले. हसण्यावारी नेलं की सुटते मी.

५ फेब्रुवारी, बुधवार
अनिलचा सुरतहून फोन. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. दीड मिनिट. लेकराचा दोष नाही, मीच त्याला "सगळं ठीक" शिकवलंय.

हे जाऊन आठ वर्षं झाली. घरात दोन खुर्च्या, एकीवर वर्तमानपत्रं.

ओट्यावरून मालजीची कौलं दिसतात. सख्खा धाकटा भाऊ, मध्ये फक्त नाला. तीन वर्षांत तो नाला ना त्यानं ओलांडला, ना मी. बाजारात समोर आला तर "बाई" म्हणतो, सगळं गाव म्हणतं तसं. पूर्वी "सुमी" म्हणायचा. अडतीस वर्षं शाळेत बाई-बाई ऐकलं, कधी टोचलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी थांबवलं. साहेब शहाद्याकडचे, प्रवचन मराठीत करतात आणि बाकी सगळं अहिराणीत. "बाई, ईस्टरले महिलास्नी मोठी सभा शे आपला आठे. तुम्हनी मायनी साक्ष तुम्हीच सांगा. ती ऐकीसन लोक रडतस."

हो म्हणाले. कोणी काम सांगितलं की हो म्हणायचं, नोकरीतली खोड.

दिवसभर जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार, दुपार
लिहूनच टाकते. इथं तरी.

तीन वर्षांपूर्वी आई शेवटचे बारा दिवस माझ्याकडे होती, कारण माझ्या दारापर्यंत गाडी येते. त्याआधी ती आमच्या चर्चला अधूनमधून यायची. मागं बसायची, गाणी आवडायची तिला. बाप्तिस्मा घेतला नव्हता. मी विषय काढला की म्हणायची, "माझे देव म्हातारे झालेत ग, आता त्यांना कुठं सोडू?"

शेवटच्या सकाळी जवळ मी एकटीच. आमच्या मावचीत म्हणाली, अगदी स्पष्ट. (आमची बोली मला लिहिता येत नाही. शाळेत असताना मुलांनाही कधी लिहू दिली नाही, तो आणखी एक हिशेब.) म्हणाली, "मला बांधावर ठेव. तुझ्या वडलांच्या शेजारी." तासाभरानं गेली.

मालजी आला, साहेब आले, मंडळी आली. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आईनं येशूला मानलं. मला तुमच्या लोकांत ठेवा म्हणाली."

कोणी विचारलंही नव्हतं. मुद्दाम बोलले का? हो, मुद्दाम. मला ती स्वर्गात हवी होती. आणि दुसरंही कारण आहे. तीस वर्षं मंडळीत माझ्या रक्ताचं कोणी नव्हतं. हे बाहेरचे, अनिल सुरतेला. एक तरी माणूस माझ्या बाजूला हवं होतं, मेलेलं का होईना.

मालजी माझ्याकडं बघत राहिला. "असं म्हणाली?" एवढंच. मी हो म्हणाले.

आई आमच्या कबरस्तानात आहे. वर सिमेंटचा क्रूस, त्यावर "प्रभूत निजली". मजकूर मीच दिला, शुद्धलेखन तपासून.

१६ फेब्रुवारी, रविवार
आजचा विषय: वेदीपाशी दान आणलंस आणि आठवलं की भाऊ दुखावलाय, तर दान तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा. साहेब छान बोलले. मी वहीत टिपणं घेतली, नीट समास सोडून. मेली टिपणं.

२ मार्च, रविवार
प्रभुभोजन. अकरावी वेळ. आज साहेबांनीच विचारलं, "बाई, तुम्ही काबर लेतस नहीत?"

त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं. सगळं. चहावर साय धरली. मग म्हणाले, "त्या साक्षवर तीन घरं मंडळीमा उनात बाई. गोमतीबाईनं घर बी. आते हाई सांगीसन काय व्हई? देवनी उपयोग करी लिधा ना तिना. देवले सांगा, बस."

साहेब वाईट नाहीत. घाबरलेत, माझ्याइतकेच. पण देवाला काय सांगू? तो तर तेव्हा खोलीतच होता. ज्याला माहीत नाही त्याला सांगायचं राहिलंय.

१४ मार्च, शुक्रवार
काल होळी. नाल्यापलीकडं ढोल. मालजीचा हात मी झोपेतही ओळखीन, तो तिसऱ्या ठोक्याला किंचित रेंगाळतो. या मार्गात आल्यापासून मी होळीला तिकडं जात नाही. माझं मीच ठरवलेलं, कोणी दोर बांधला नव्हता.

आज शेताच्या कडेनं परत आले. बांधावर आमचे दगड ओळीनं आहेत. आजा, आजी, वडील. माणूस गेलं की आमच्या घराण्यात त्याचा दगड तिथं मांडतात. वडिलांच्या पुढची जागा मोकळी. तिथलं गवत काढलेलं, ताजं. म्हणजे राग असा जपून ठेवलाय मालजीनं, निंदणी करून! मला दाखवायला. चालत घरी येईपर्यंत मनात त्याच्याशी भांडत होते.

२३ मार्च, रविवार
गेले नाही उपासनेला. गुडघा म्हणून सांगितलं. आणखी एक खोटं, पण हे किरकोळ.

२७ मार्च, गुरुवार
सांगितलं.

महू पडायला लागलाय, म्हणजे मोहाची फुलं. नाल्याच्या तोंडावरचं झाड आईचं, दोघांचं सामाईक. तीन वर्षं आम्ही एकाच झाडाखाली दोन बाजूंनी फुलं वेचतो, तो पूर्वेला, मी पश्चिमेला, मध्ये खोड. आज सकाळी मी खोडाच्या पलीकडं गेले. टोपली खाली ठेवली. उभ्यानंच बोलले, नाहीतर झालं नसतं. "मालजी, आई तसं म्हणाली नव्हती. बांधावर ठेव म्हणाली होती. मी खोटं बोलले."

तो वेचत राहिला. चार, पाच, सहा फुलं. मला वाटलं ऐकूच आलं नाही.

मग म्हणाला, "मला माहीत होतं."

आईनं जाण्याआधीच्या उन्हाळ्यात स्वतः नदीवर जाऊन तिचा दगड निवडला होता. त्याच्याकडून घरी आणवला, कणगीमागं ठेवायला लावला. मला सांगितलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून, असं तो म्हणाला.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तू बाई. तुझ्यापुढं माझं कोण खरं मानणार?"

"आणि नंतर?"

"वाट बघत होतो. तुमच्यात कबूल करतात ना? म्हटलं करील कधीतरी."

बसलेच मी खाली. तीन वर्षं. मी शास्त्र वाचत होते आणि हा माझ्यावर विश्वास ठेवून बसला होता.

विचारलं, मग दगड का नाही मांडलास, तुझ्या घरात होता ना? माझ्याकडं असं बघितलं, जसं मी पहिलीतल्या पोराकडं बघायचे. "पहिल्या लेकरानं न्यायचा असतो. मी कसा नेऊ?"

विसरले होते. खरंच विसरले होते. मुलगा असो की मुलगी, घरातलं पहिलं लेकरू आईबापाचा दगड उचलून बांधावर नेतं. वडिलांचा मीच नेला होता, एकोणीस वर्षांची असताना, या मार्गात येण्याआधी. ती जागा रागानं मोकळी नव्हती. माझ्यासाठी होती.

२८ मार्च, शुक्रवार
खूप रडले. बरं वाटत नाही, पण हलकं वाटतंय, हे दोन्ही एकदम होतं हे माहीत नव्हतं.

२० एप्रिल, ईस्टर
सभा. बाया लांबलांबच्या गावांहून आलेल्या, मांडव भरलेला. माझं नाव पुकारलं. चार वाक्यं पाठ केली होती, तेवढीच बोलले. आईनं विश्वास धरला नव्हता. ती बांधावर ठेव म्हणाली होती. मी खोटी साक्ष दिली. तुमची आणि माझ्या भावाची क्षमा मागते.

पंख्याचा आवाज. मग कोणीतरी, वेळ नसताना, गाणं सुरू केलं. साहेब जमिनीकडं बघत होते. गोमतीबाई उठून बाहेर गेली.

जेवणाच्या पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी.

२३ एप्रिल, बुधवार
हातपंपावर गोमतीबाई. हंडा भरला. मग म्हणाली, "मी त्या गोष्टीवर आले होते बाई. नवऱ्याचा मार खाऊन आले होते. आता मी कशावर उभी राहू?"

हे सगळ्यात महाग पडलं, आणि किंमत मी नाही, तिनं मोजली.

चार दिवसांत दारात कोणी नाही. दोन खुर्च्या.

पण एक लिहायला हवं. सकाळी प्रार्थनेला बसले. तीन वर्षं माझी प्रार्थना म्हणजे हजेरीपट होता, नाव घ्यायचं, टिक करायची. आज काही म्हणता आलं नाही, नुसती बसले, आणि एकटी नव्हते. इतकंच. जास्त लिहिलं तर पुन्हा साक्ष होईल.

२६ एप्रिल, शनिवार
मालजी नाला ओलांडून आला! ओट्यावर बसला, खुर्चीवर नाही. आखाजीला दगड मांडायचा म्हणाला, पितरांचा दिवस. माझी अडचण त्याला न सांगता कळली. म्हणाला, "दारू मी ओतीन. कोंबडं मी बघीन. तू फक्त दगड ने. वाटेत तुमचं गाणं म्हण, तिला आवडायचं."

संध्याकाळी साहेब. त्यांना कसं कळलं कोण जाणे, गाव आहे. उभेच राहिले. "बाई, जर दगड उचला ते चार तारीखले प्रभुभोजन लेऊ नका. मन्हा हातमा नही ते." डोळे भरले होते त्यांचे. चहा घेतला नाही.

माझ्या देवाला दुसरा देव चालत नाही. हे मला तोंडपाठ आहे, मुलांना मीच शिकवलंय. आईबापाचा मान राख, हेही त्याच यादीत आहे. आईची शेवटची गोष्ट एकदा मोडली. दुसऱ्यांदा मोडून पवित्र राहू?

कळत नाही. खरंच कळत नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी
गेले.

मालजीच्या घरात तीन वर्षांनी पाय ठेवला. कणगीमागून त्यानं काढून दिला. वाटलं होतं त्याहून लहान निघाला, वरवंट्याहून थोडा मोठा, आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. तिनं माझ्या गुडघ्यांचा विचार करून निवडला असणार. छातीशी धरून चालले. गाणं म्हटलं, हळू. दुसऱ्या कडव्याला मालजीची बायको गुणगुणायला लागली, तिला चाल येत होती! आईकडून आली असणार.

मोकळ्या जागेत ठेवला. हात जोडले नाहीत, वाकले नाही. मागं होणार तेवढ्यात मालजी बाटली उघडत म्हणाला, "सुमी, सरक, अंगावर उडेल."

सरकले.

३ मे, शनिवार
उद्या प्रभुभोजन. भाकर करू नका, असं कोणी सांगितलं नाही. करा, असंही नाही. दुपारी पीठ मळलं. सवय म्हणून नाही, मला करावीशी वाटली म्हणून. चांगली झाली, एका कडेला जरा करपली.

पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ओट्यावर आणलेल्या खुर्चीवर ठेवलीय, वर्तमानपत्रं काढून. गोमतीबाई नेहमी चारला येते. आता पाच वाजून गेले. मालजी मघाशी नाल्यापलीकडून ओरडून विचारत होता, ओट्यावर एवढी कुणाची वाट बघतेस म्हणून. म्हटलं, बघते थोडी.

नाहीच आलं कोणी, तर सकाळी मालजीला भाकर खायला बोलवीन. अजून गरम आहे.