उलटं गाळणं

रविवार, १२ जानेवारी
जालन्याहून टेंभुर्णीची बस, पुढे रिक्षा, आणि एकदाचा डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. पाठीवर अकरा किलोची सॅक, सोबत कुणी नाही, दुकानात कापड फाडायला पप्पा आहेत. चार-पाच दिवस, दोन घळी, दोन तळी. जालन्यात कुठले डोंगर म्हणून मित्र हसले, हसू देत. मम्मीने सॅकमध्ये दुहेरी सुती गाळणं कोंबलंच. पाणी गाळल्यावर कापडावर उरते ती जिवाणी, म्हणजे त्या पाण्यातले जीव. ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे, असं तिने शपथ घालून सांगितलं. आम्ही जैन, आमच्याकडे झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात. मी हो हो म्हणालो.

सोमवार, १३
पहिली घळ एकदम मस्त. वरच्या तळ्याचं पाणी मात्र हिरवट, काठाला शेवाळाचा चिकटा. बाटली गाळून भरली. कापडावर भाताच्या शितांसारखं पांढरं काहीतरी उरलं, आणि ते वळवळत होतं. शिसारी आली. सोडायला पुन्हा त्या निसरड्या दगडांवरून खाली कोण उतरणार? पुढच्या तळ्यात सोडू, पाणी ते पाणी. ओलं गाळणं तसंच गुंडाळून खिशात घातलं.

मंगळवार, १४
दुसरं तळं. तहानेच्या घाईत गाळणं बाटलीवर उलटं धरलं. कालची सगळी जिवाणी धुऊन आत गेली, आणि अर्धी बाटली प्यायल्यावर जिभेवर काहीतरी हललं. बोटं घालून ओकलो. थोडंच पडलं.

शेळ्या चारणाऱ्या झुंबरबाईंनी पाहिलं, पदर नाकाला लावला. हे कुठल्या पाण्यातलं, विचारलं. मी वरच्या तळ्याकडे बोट दाखवलं.

"ज्याचं त्याला नेऊन दे बाबा, जल्दी," त्या म्हणाल्या. "न्हाई तर मंग ते तुलाच तळं समजतील."

बुधवार, १५
माघारी फिरलोय. पोट टम्म. दातांच्या फटीतून एक अळी ओढून काढली. करंगळीएवढी, गरम, माझ्याच रक्ताने गुलाबी झालेली. शी. ठेचायला दगड उचलला, पण हात होईना. आयुष्यात डास मारलेला नाही. रुमालात ठेवली. नासक्या दुधाचा वास येतोय, माझ्याच तोंडाला. स्वतःची किळस वाटते. उद्या सगळ्या परत देईन आणि घरी जाईन.

गुरुवार, १६
वरच्या तळ्यावर पोहोचलो. गुडघाभर पाण्यात उभं राहून ओकलो. शेकडो. रुमालातलीही सोडली. मम्मी, एकूण एक परत दिल्या —
हलकं वाटलं. रडलो.

दुपार
आत जात नाहीत. वळल्यात. काठाकडे, माझ्याकडे —
आता कळलं. पोटात गेलेली जिवाणी तळ्याची होती. या नव्या, माझ्या पोटात जन्मलेल्या. यांचं पाणी मीच.
ज्या पाण्यातल्या, त्याच पाण्यात —
पाय उचलत नाहीत. तोंड गच्च मिटलंय. नाकात