आबांच्या गॅरेजचा गारवा

नाशिक, रविवार

ती. दादास,

ज्ञानेशचा शि. सा. नमस्कार. वहिनींना नमस्कार, सनीला आशीर्वाद. तुम्ही सर्व मजेत असाल. नसलात तरी मला कळायची सोय नाही, कारण तू फोन उचलत नाहीस आणि मी स्वतः पिंपळगावला आलो तर तुझा वॉचमन गेट उघडत नाही. म्हणून तासाभराच्या वाटेला हे स्पीड पोस्ट.

आबा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले आणि जिना चढवेना म्हणून खाली गॅरेजमध्येच राहिले, तेव्हा 'आबांना पळवलंस' म्हणून तू बोलणं टाकलंस. (पळवून न्यायला आबा काय द्राक्षांची पेटी आहेत?) पण ते असो. गॅरेजला वर पत्रा आणि पुढे लोखंडी शटर. थंडीत त्यांनी घमेल्यात शेकोटी पेटवली, तीही माझ्या स्कूटरला खेटून. तुझ्या भावजयीने, सायलीने, धावत येऊन चहाचं आधण त्यावर ओतलं म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. आता उन्हाळ्यात पत्र्यावर घातलेल्या कुरडया दुपारच्या आत वाळतात, आणि खाली आबाही वाळत असतात.

तू कोल्ड स्टोरेजवाला, म्हणून सल्ला हवा. कूलर आणला, तर आबा म्हणाले, "कांदाचाळीत अशी ओल आली का कांदा सडतो. मी काय कांद्याहून सवस्त हे का?" मग द्वारका चौकातल्या दुकानात उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम हवा देणारा एसी पाहिला. (पत्र्याखाली आधी थर्माकोल ठोका, असंही दुकानदाराने बजावलं.) त्यावर आबा म्हणाले, "द्राक्षं गारव्यात ठेवत्यात ती इकायला. मला कुठं इकायचंय?" (हे तुझ्या धंद्याला उद्देशून नसावं.)

इथवर हसून नेत होतो. पण मंगळवारी दुपारी आबा खाटेवरून उठले आणि तिथेच कोसळले. डोळे फिरलेले, अंग तव्यासारखं, आणि बाहेरून आमच्याने शटर उचलेना, शेवटी पहार घालून वर केलं. डॉक्टर म्हणाले, या वेळी थोडक्यात निभावलं, पुन्हा झालं तर सांगता येत नाही. दादा, मी फार घाबरलो आहे. तेव्हा कूलर की एसी, आणि एसी तर किती टनाचा, ते ताबडतोब कळव.

तुझा,
ज्ञानेश

ता. क. : खरं तर एसी परवाच बसवला. पण आबा चालू करू देत नाहीत. नव्या यंत्राचा नारळ थोरल्याच्या हातूनच फुटला पाहिजे, ही म्हणे आपल्या घरची रीत. रिमोट बंडीच्या खिशात. एसीला हळदकुंकू लावून त्याच्याखालीच पेपरने वारा घेत बसतात, तोंड शटरकडे करून. उचलून वर नेतो म्हटलं तर काठी उगारतात.

ता. क. २ : रीतीवरून आठवलं. विहिरीवरच्या मोटरीचा नारळ मीच फोडला होता आणि तू रुसून चिंचेवर चढून बसला होतास. म्हणजे ही रीत आबांनी याच आठवड्यात काढलेली आहे. मला उमगलंय हे त्यांना ठाऊक नाही, तूही दाखवू नकोस. येताना नारळ आणू नकोस, त्यांनी सोलून उशाशी ठेवलाय. नुसता ये.